अंगठ्याच्या मुळाशी स्टिरॉइडचं इंजेक्शन: घ्यावं का, कसं देतात, नंतर काय सांभाळायचं?

शर्वरी_एम

आईचं वय ६३. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या किंचित पुढे, दीडेक वर्ष दुखतंय. कुलपात किल्ली फिरवताना, बरणीचं झाकण उघडताना, कपडे पिळताना कळ येते; हात नुसता मांडीवर ठेवला तर फारसं नाही. एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये मुळाचा सांधा अरुंद झालाय, कडेला हाड वाढलंय आणि 'ईटन ग्रेड ३' (झिजेच्या चार पायऱ्यांपैकी तिसरी) असं लिहिलंय. त्याच हाताच्या मधल्या बोटाचं मधलं पेर काही महिन्यांपासून सुजलेलं आहे, दाबलं की दुखतं.

मधुमेह आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.९, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. हृदयासाठी इकोस्प्रिन ७५ (रक्त पातळ ठेवणारी गोळी). आरए फॅक्टर (आमवाताची रक्ततपासणी) निगेटिव्ह. आजवर पॅरासिटामॉल आणि अधूनमधून लावायचं जेल, एवढंच झालंय. स्प्लिंट (सांधा धरून ठेवणारा आधार) कुणी दिलेला नाही.

एका अस्थिरोगतज्ज्ञांनी अंगठ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलंय, दुसऱ्या ठिकाणी पीआरपीच्या (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सच्या) तीन इंजेक्शनांचा कोर्स सांगितलाय. माझे प्रश्न:

स्टिरॉइडचा आराम किती टिकतो? साखरेचं काय होईल? इकोस्प्रिन थांबवायची का? पेरातही त्याच वेळी द्यावं का? आणि सुई नेमकी सांध्यात गेली, हे कळतं कसं?

---

हस्तशल्य

आधी दुखणं त्याच सांध्याचं आहे, हे पक्कं करून घ्या. साठीच्या पुढच्या पुष्कळ बायकांच्या एक्स-रेत हा सांधा झिजलेला दिसतो आणि त्यातल्या अनेकींची काही तक्रार नसते. एक्स-रेवर झीज आहे म्हणून कळ तिथूनच येते, असं धरून चालत नाही.

तपासताना अंगठ्याचं लांब हाड धरून मुळाच्या दिशेने दाबायचं आणि दाब न सोडता हलकेच गोल फिरवायचं. करकर जाणवली आणि नेहमीचीच कळ आली, तर सांधा दुखतोय. कळ त्याहून वर, मनगटाच्या अंगठ्याकडच्या हाडाच्या उंचवट्यावर असेल आणि अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे झुकवल्यावर वाढत असेल, तर तो डी क्वेरवेन, म्हणजे कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) आवरणाचा आजार. दोन्ही जागांत जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचं अंतर. डी क्वेरवेनलाही स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात आणि ते चांगलं लागू पडतं, पण ते सांध्यात नव्हे, कंडरांच्या आवरणात द्यायचं. मधुमेहात हे दोन्ही, शिवाय बोट अडकणं आणि कार्पल टनेल (मनगटात नस दाबली जाणं), एकाच हातात सापडू शकतात. रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

एक्स-रे नेहमीच्या पद्धतीने सरळ काढलेला असेल तर हा सांधा नीट दिसत नाही, कारण अंगठा बाकीच्या बोटांच्या पातळीत नसतो. हात पूर्ण आत वळवून, अंगठ्याची नखाकडची बाजू फिल्मवर टेकवून काढलेला 'रॉबर्ट्स व्ह्यू' मागा. शेजारचा, स्कॅफॉइडकडचा (मनगटाच्या एका छोट्या हाडाकडचा) सांधाही झिजलाय का ते त्यात कळतं. तोही झिजला असेल तर ग्रेड ४, आणि मग एकाच सांध्यात दिलेलं औषध अपुरं पडतं.

आता औषध. सांधा अगदी छोटा आहे, कसाबसा एक मिली मावतो. गुडघ्याचा डोस इथे चालत नाही. ४० मिग्रॅ प्रति मिली ताकदीच्या ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडमधलं (केनाकोर्ट ४०) पाव ते अर्धा मिली, म्हणजे १० ते २० मिग्रॅ, आणि तेवढंच लिग्नोकेन (भुलीचं औषध). मिथाइलप्रेडनिसोलोन हे दुसरं स्टिरॉइड वापरलं तर २० मिग्रॅच्या आसपास. एक मिलीची सिरिंज, २६ गेजची अर्ध्या इंचाची सुई.

हात करंगळीच्या कडेवर टेबलावर ठेवायचा, अंगठा वर. मदतनीस अंगठा हळू ओढून धरतो, त्याने सांध्याची फट उघडते. अंगठ्याच्या लांब हाडावरून बोट मनगटाकडे सरकवत न्यायचं. हाडाचा रुंद पाया संपला की लगेच एक बारीक खळगा लागतो, तीच जागा. अंगठा ताणल्यावर मनगटापाशी ज्या दोन कंडरा उठून दिसतात, त्यांच्यामधून सुई घालायची. त्याहून मागे, हाताच्या पाठीकडे गेलं तर खोलगट भागात रेडियल धमनी आहे. त्वचेखाली रेडियल नसेच्या बारीक फांद्या पसरलेल्या असतात. अंगठ्याच्या पाठीवर विजेसारखी चमक आली तर सुई मागे घेऊन दिशा बदलायची, तशीच रेटायची नाही.

सुई सांध्यात असली की औषध जवळजवळ विनासायास जातं. पिस्टन अडतोय म्हणजे टोक कंडरेत, अस्थिबंधात (हाडं एकमेकांना बांधणाऱ्या पट्ट्यात) किंवा कूर्चेत (हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत थरात) रुतलंय. तिथे जोर लावणं सगळ्यात वाईट, कारण कंडरेत गेलेलं स्टिरॉइड तिला कमकुवत करतं. हमखास होणारी दुसरी चूक म्हणजे एक सांधा मागे, स्कॅफॉइडकडच्या फटीत शिरणं. ग्रेड ३ मध्ये कडेच्या वाढलेल्या हाडामुळे खळगा हाताला लागत नाही, म्हणून तुमच्या आईंच्या बाबतीत सोनोग्राफीखाली किंवा सी-आर्मखाली (पडद्यावर चालू एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राखाली) द्या असाच आग्रह धरा. सुईचं टोक पडद्यावर दिसतं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं आणखी एक उत्तर: लिग्नोकेनचा असर काही मिनिटांत सुरू होऊन तास-दोन तास राहतो. तेवढ्या वेळात आईंना किल्ली फिरवायला सांगा. नेहमीची कळ गेली असेल तर सांधाही बरोबर होता आणि सुईही. नसेल गेली तर दोन्हींपैकी एक चुकलंय. हे तिथल्या तिथे कागदावर टिपून ठेवा. दोन महिन्यांनी 'इंजेक्शनने काही झालं नाही' असं म्हणायची वेळ आली, तर पुढचा निर्णय याच नोंदीवर होतो.

इकोस्प्रिन थांबवायची नाही. इतक्या बारीक सुईने सांध्यात रक्तस्रावाचा धोका नगण्य, आणि हृदयाची गोळी बंद करण्याचा धोका खरा. टोचल्यावर चार-पाच मिनिटं दाबून धरलं की पुरे.

---

संधी_आणि_वात

वर तंत्र उत्तम सांगितलंय. पण मुळात द्यावं का, याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे.

युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने, युलारने, २०१८ साली हाताच्या ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी (सांध्यांच्या झिजेसाठी) शिफारशी सुधारल्या. त्यात म्हटलंय की सांध्यातली स्टिरॉइड इंजेक्शनं सरसकट देऊ नयेत. बोटांची पेरं दुखरी असतील तर विचार करावा. अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍हूमॅटॉलॉजीने २०१९ साली हाताच्या सांध्यांसाठी स्टिरॉइडला सशर्त होकार दिला, म्हणजे गुडघा आणि खुब्याइतका ठाम नव्हे. त्याच यादीत अंगठ्याच्या मुळासाठी स्प्लिंटला मात्र ठाम होकार आहे. तुमच्या आईंना दीड वर्षात तोच मिळालेला नाही, ही खरी उणीव.

असा फरक का? अंगठ्याच्या मुळात ट्रायमसिनोलोन आणि नुसतं सलाइन यांची तुलना करणारी ४० रुग्णांची चाचणी २००४ साली प्रसिद्ध झाली. २४ आठवड्यांनी दोन्ही गटांत फरक दिसला नाही. बोटांच्या पेरांबाबत ब्राझीलमधली ६० रुग्णांची चाचणी २०१५ सालची. तिथे स्टिरॉइड घेतलेल्यांची सूज आणि बोट हलवताना होणारं दुखणं लिग्नोकेनवाल्यांपेक्षा १२ आठवड्यांपर्यंत कमी राहिलं. पेरात सांध्याचं सुजलेलं आतलं आवरण हेच बऱ्याचदा दुखण्याचं कारण असतं आणि स्टिरॉइड त्या सुजेवर चालतं. अंगठ्याच्या मुळात कारण बहुतेक वेळा यांत्रिक असतं: अस्थिबंध सैल, हाड बाहेर सरकलेलं, त्यावर रोजचा भार. चिमटीच्या टोकाशी १ किलोचा जोर लावला की मुळाच्या सांध्यावर त्याच्या जवळजवळ १२ पट दाब येतो. औषध हा दाब कमी करू शकत नाही.

म्हणून मी असं बघतो: सांधा गरम लागतोय, सुजलाय, सोनोग्राफीत आवरण जाड आणि डॉपलरवर (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या तपासणीत) लाल दिसतंय, रात्री ठणका लागतोय, तर इंजेक्शनचा फायदा होण्याची शक्यता चांगली. सूज नाही, फक्त जोर लावला की कळ, असं असेल तर आधी स्प्लिंट आणि जेल मनापासून करून बघा. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून अंगठा दुसऱ्या प्रकारात बसतो आणि पेर पहिल्या. पेराला इंजेक्शन द्यावं असं माझं मत झुकतंय, अंगठ्याला सध्या नाही.

जेल 'अधूनमधून' लावलं तर ते न लावल्यातच जमा. १ टक्का डायक्लोफेनॅक जेल असेल तर हातासाठी दर वेळी २ ग्रॅम, दिवसातून ४ वेळा, निदान दोन आठवडे. लावल्यावर तासभर हात धुवायचा नाही. मधुमेह आणि हृदयविकार असताना पोटात घ्यायच्या वेदनाशामक गोळ्यांपेक्षा हे कितीतरी सुरक्षित.

पेराबद्दल एक इशारा. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणजे आमवात नाहीच, असं होत नाही. सकाळी बोटं तासाभरापेक्षा जास्त आखडतात का? मुठीच्या गाठींचे, म्हणजे एमसीपीचे सांधे सुजतात का? कोपरावर, टाळूवर, बेंबीत सोरायसिसचे चट्टे आहेत का? नखांवर खळगे? यापैकी काहीही असेल तर अँटी-सीसीपी, सीआरपी आणि युरिक अ‍ॅसिड या रक्ततपासण्या करून घेतल्याशिवाय पेरात सुई घालू नका.

कुणीतरी तोंडाने प्रेडनिसोलोन (स्टिरॉइडची गोळी) सुचवेल म्हणून सांगतो. नेदरलँड्समधल्या २०१९ सालच्या चाचणीत रोज १० मिग्रॅ, सहा आठवडे दिल्यावर हाताचं दुखणं स्पष्ट कमी झालं, पण गोळी बंद केल्यावर तो फरक राहिला नाही. एचबीए१सी ७.९ असताना मी त्या वाटेला जाणार नाही. एखाद्या पेरात थोडंसं औषध देणं साखरेसाठी त्यापेक्षा खूपच हलकं.

---

औषधपेढी

औषध भरण्याबद्दल दोन गोष्टी, कारण इथे घाई होते.

ट्रायमसिनोलोन आणि मिथाइलप्रेडनिसोलोन ही द्रावणं नव्हेत, पाण्यात तरंगणारे कण आहेत. बाटली ठेवून दिली की पांढरा गाळ तळाशी बसतो. न हलवता वरचं भरलं तर सिरिंजमध्ये जवळपास पाणीच येतं, आणि पुढच्या रुग्णाला दाट गाळ. हलवायचं, लगेच भरायचं, लगेच द्यायचं. भरायला जाड सुई, टोचायला बारीक. भरलेली सिरिंज दहा मिनिटं ट्रेमध्ये पडून राहिली तर कण सुईच्या तोंडाशी अडकतात.

दुसरं, ३० मिलीच्या मोठ्या बाटलीतल्या लिग्नोकेनमध्ये बहुधा मिथाइलपॅराबेन हे परिरक्षक असतं. त्याच्याशी स्टिरॉइड मिसळलं की कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होऊ शकतात. दुधात लिंबू पडल्यासारखे बारीक तुकडे सिरिंजमध्ये दिसले तर ते मिश्रण फेकून द्यायचं. परिरक्षक नसलेलं, एकदाच वापरायचं लिग्नोकेन अँप्यूल मिळतं, ते वापरावं. लिग्नोकेनमध्ये अ‍ॅड्रिनलिन नाही ना, हेही लेबलवर बघायचं. रक्तवाहिन्या आकुंचित करणारं ते औषध बोटाच्या पेरापाशी नकोच.

एचआयव्हीच्या उपचारात रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना सांगणं अत्यावश्यक आहे. या गोळ्यांमुळे ट्रायमसिनोलोन शरीरात साचतं. सांध्यातल्या एका डोसानेही चेहरा सुजणं, साखर चढणं, अ‍ॅड्रिनल ग्रंथी मंदावणं असे परिणाम झालेले आहेत.

---

शर्वरी_एम

सगळ्यांचे मनापासून आभार. सकाळचा आखडलेपणा दहा-पंधरा मिनिटांचा आहे, चट्टे नाहीत, मुठीच्या गाठी सुजलेल्या नाहीत. पेरात द्यायचं ठरलं तर डोस किती? साखरेवर नजर कशी ठेवायची? आणि पीआरपीबद्दल कुणी स्पष्ट सांगेल का?

---

हस्तशल्य

संधी_आणि_वात यांनी मांडलेला क्रम मला मान्य आहे. आधी पेर, आणि अंगठ्याला सहा ते आठ आठवडे स्प्लिंट. त्यानेही भागलं नाही तर अंगठ्याचं इंजेक्शन.

पेरात एकूण ०.२ ते ०.३ मिली, त्यात ट्रायमसिनोलोन ५ मिग्रॅच्या आसपास. बोट किंचित वाकवून, पाठीच्या बाजूच्या कडेने, वरच्या कंडरेच्या खालून सुई सरकवतात. आवरण घट्ट असल्याने हे अंगठ्यापेक्षा जास्त दुखतं. बोटाच्या मुळाशी आधी भूल दिली तर सुसह्य होतं. औषध आत गेलं की सांध्याच्या दोन्ही कडा हलक्या फुगलेल्या दिसतात. जास्त भरलं तर ते सुईच्या वाटेने परत त्वचेखाली येतं आणि तिथेच डाग पडण्याची सुरुवात होते.

तो डाग समजून घ्या, कारण आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर तो ठळक दिसतो. इंजेक्शननंतर एक ते चार महिन्यांत त्या जागी पांढुरका पट्टा उमटतो, खालची चरबी विरून खळगा पडतो, त्वचा कागदासारखी पातळ होते. बहुतेकदा वर्षभरात भरून येतं, पण दर वेळी नाही. हा कोड नव्हे आणि पसरत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर घाबरून भलतेच उपचार सुरू होतात. सुई काढताना क्षणभर थांबणं आणि जागा दाबून धरणं याने धोका कमी होतो.

साखर साधारण पहिल्या दिवसापासून चढते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त, आठवड्याच्या आत मूळ पातळीवर येते. जेवणानंतरची जास्त चढते. सकाळी उपाशीपोटी आणि दुपारच्या-रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी, असं पाच दिवस ग्लुकोमीटरवर बघा. ग्लिमेपिराइडचा डोस स्वतःच्या मनाने वाढवू नका. साखर उतरायला लागल्यावर तीच जास्तीची गोळी साखर फार खाली नेते. ३०० च्या वर राहिली तर मधुमेहाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा.

पहिल्या रात्री सांधा आणखी दुखू शकतो. औषधाचे स्फटिक आवरणाला टोचतात, त्याचा तो परिणाम. बर्फाने शेकून आणि पॅरासिटामॉल घेऊन दोन दिवसांत उतरतो. एक-दोन दिवस चेहरा लाल, गरम होतो, तेही आपोआप जातं. पाळी गेलेल्या बाईला क्वचित अंगावरून थोडं रक्त जातं. तसं झालं तर इंजेक्शनवर ढकलून गप्प बसू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. जे दुखणं तिसऱ्या दिवशी कमी होण्याऐवजी वाढतंय, सांधा लाल आणि तापलेला, ताप किंवा थंडी, तो जंतुसंसर्ग समजून त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. फार क्वचित होतो, पण मधुमेहात उशीर परवडत नाही.

आराम आठवडाभरात जाणवायला लागतो आणि थोडे आठवडे ते तीन महिने टिकतो. ग्रेड ३ मध्ये तो कमी टिकेल असं धरून चाला. एका सांध्यात दोन इंजेक्शनांत किमान तीन महिन्यांचं अंतर. दुसऱ्याचा आराम पहिल्यापेक्षा तोकडा ठरला, तर तिसरं देऊ नये. मग शस्त्रक्रियेवर, म्हणजे ट्रपेझियम (अंगठ्याच्या मुळाशी असलेलं मनगटाचं छोटं) हाड काढण्यावर बोलायची वेळ आलेली असते. ती ठरली तर शेवटचं इंजेक्शन आणि ऑपरेशन यांत तीन महिने मोकळे हवेत, नाहीतर जखमेत जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो.

पीआरपी: रुग्णाचंच रक्त यंत्रात गरगर फिरवून प्लेटलेट्सचा भाग काढतात आणि टोचतात. अंगठ्याच्या मुळासाठीचे अभ्यास मोजक्या रुग्णांवरचे आहेत. त्यातल्या काहींत वर्षाच्या शेवटी स्टिरॉइडपेक्षा बरा निकाल आलाय. अडचण अशी की प्रत्येक यंत्र, प्रत्येक फिरवण्याची पद्धत वेगळी, त्यामुळे एका ठिकाणचा निकाल दुसरीकडे लागू होईलच असं नाही. साखर चढत नाही, हा एक खरा फायदा. 'कूर्चा परत वाढते' असं सांगितलं जात असेल तर त्याला आधार नाही. तीन इंजेक्शनांचे पैसे आगाऊ मागत असतील तर भरू नका. हायल्युरोनिक अ‍ॅसिड (सांध्यात वंगणासारखं टोचतात ते) अंगठ्याच्या मुळात स्टिरॉइड किंवा सलाइनपेक्षा सरस ठरलेलं नाही, त्यावर खर्च करू नये असंच माझं मत.

---

हातथेरपी

स्प्लिंटचं मी सांगते, कारण 'घालून बघितला, टोचतो म्हणून काढला' हेच जास्त ऐकू येतं.

मेडिकलच्या दुकानात मिळणारा, मनगटापासून अंगठ्याच्या टोकापर्यंतचा मोठा पट्टा आईंना नको. त्यात स्वयंपाक होत नाही आणि दोन दिवसांत तो कपाटात जातो. थर्मोप्लास्टिकचा, हातावरच संपणारा छोटा स्प्लिंट ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून मापाने करून घ्या. मनगट मोकळं, अंगठ्याचं टोकाचं पेर मोकळं, मुळाचा सांधा धरलेला आणि मधला सांधा थोडा वाकलेला. तो मधला सांधा मागे झुकत असेल तर मुळावरचा ताण वाढतो, म्हणून हा कोन महत्त्वाचा. अर्ध्या तासाने काढल्यावर त्वचेवर लाल खूण राहिली आणि वीस मिनिटांत गेली नाही, तर ती कड परत गरम करून वळवून घ्यायची. मधुमेहात ही तपासणी रोज. किमान तीन महिने वापरायचा. फायदा हळूहळू दिसतो, आठवड्यात नाही. पाण्याच्या कामाला निओप्रीनचा मऊ पट्टा वेगळा ठेवा.

इंजेक्शनच्या दिवशी: भूल उतरेपर्यंत तवा, कुकर, उकळतं पाणी यांच्याजवळ जायचं नाही, चटका बसलेला कळत नाही. ४८ तास चिमटीचं आणि पिळण्याचं काम बंद. मेणाचा शेक घेत असतील तर तोही दोन-तीन दिवस थांबवा.

आराम पडला की बायका लगेच राहिलेली सगळी कामं काढतात, आणि सांधा परत सुजतो. ते आठवडे कामाची पकड बदलायला वापरायचे. झाकण चिमटीने नव्हे, तळहात वर दाबून फिरवायचं, खाली ओलं फडकं. कपडे पिळायचे नाहीत. नळाला अडकवून हाताच्या कडेने खाली निथळून काढायचे. किल्लीच्या डोक्याला लाकडी पट्टी किंवा जाड रबर लावायचं. विळीवर नारळ खवायचा झाला तर तो पूर्ण तळव्यात धरायचा. सुरी, चमचा, पेन यांच्या दांड्यावर फोमची नळी चढवली की पकड रुंद होते आणि मुळावरचा दाब उतरतो. लाटणं तळव्यांनी फिरवलं तर फारसा त्रास देत नाही. कणीक मळताना मात्र अंगठा आत रुतवायची सवय मोडावी लागते, मुठीच्या पाठीने दाबायचं.

व्यायाम दोनच, दिवसातून दोनदा. अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग दुसऱ्या हाताने चिमटीत धरून मिनिटभर सैल करायचा. मग तर्जनीला सैल रबरबँड अडकवून ती अंगठ्याच्या दिशेने, पण अंगठा न हलवता, दहा वेळा ओढायची. या स्नायूने मुळाचं हाड जागेवर धरून ठेवलं जातं. मऊ चेंडू दाबायचा व्यायाम कुणी सांगितला तर करू नका, तो नेमका दुखऱ्या सांध्यावरच दाब देतो.

आणि इंजेक्शन घेतलंच तर निघण्यापूर्वी कागदावर लिहून घ्या: औषधाचं नाव, किती मिग्रॅ, कोणता सांधा, कोणता हात, तारीख, सोनोग्राफी वापरली की नाही. नुसतं 'लोकल इंजेक्शन दिलं' असं लिहिलेला कागद पुढच्या डॉक्टरांच्या काहीच उपयोगाचा नसतो.